मुलांच्या हातात कोणतं पुस्तक द्यावं? आरसाही हवा, खिडकीही हवी

मुलांच्या तालीमवर आपल्या घरांत खर्च होत नाही, असं आता कोणी म्हणू शकत नाही. शाळेची फी, ट्यूशन, रिक्षा, युनिफॉर्म, अरबी शिकवायला येणारे हाफिजसाहेब, हे सगळं वालिदैन पोटाला चिमटा काढून करतात. पण त्याच घरात विचारा, "मुलाचं स्वतःचं, अभ्यासाचं नसलेलं एखादं पुस्तक दाखवा." बहुतेक घरांत शोधाशोध सुरू होते. पाठ्यपुस्तकं असतात, गाईड असतं, कपाटाच्या वरच्या खणात अदबीने ठेवलेल्या दीनी किताबा असतात. गोष्टीचं पुस्तक मात्र सापडत नाही. ज्या उम्मतीला मिळालेला पहिला हुकूमच ‘इक्रा’ आहे, तिच्या घरातलं हे चित्र विचार करायला लावणारं आहे.

"गोष्टी वाचून काय मिळणार? त्यापेक्षा अभ्यास करू दे," असं पालक म्हणतात. शिक्षक म्हणून आम्हाला याचं उत्तर वर्गात रोज दिसतं. फक्त धडा पाठ करणारं मूल धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर लिहितं. पण ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा निबंध आला की त्याचं पेन थांबतं. गणितातलं शाब्दिक उदाहरण त्याला अडतं, कारण आकडेमोड येते पण वाक्य समजत नाही. अवांतर वाचणाऱ्या मुलाकडे शब्द असतात आणि एखादी गोष्ट मनात उभी करायची सवय असते. पुढे स्पर्धा परीक्षेत उतारा वाचून उत्तर द्यायचं असतं, तेव्हाही हीच सवय कामाला येते.

म्हणून या लेखात कोणत्या वयाला कोणती पुस्तकं द्यावीत, ती कुठे मिळतील आणि निवडताना काय पाहावं, हे सांगण्याचा प्रयत्न आम्ही करत आहोत.

आरसा आणि खिडकी

अमेरिकेतल्या प्राध्यापिका रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये बालसाहित्याबद्दल एक साधी पण फार मोलाची मांडणी केली. काही पुस्तकं मुलासाठी आरसा असतात. त्यात त्याला स्वतःचं घर, स्वतःची माणसं दिसतात. काही पुस्तकं खिडकी असतात, त्यातून दुसऱ्याचं जग दिसतं. ज्या मुलाला कधीच आरसा मिळत नाही, त्याला हळूहळू वाटू लागतं की आपल्यासारखी माणसं गोष्टीत घेण्याच्या लायकीची नसतात. आणि ज्याला फक्त आरसाच मिळतो, त्याला वाटतं की जग आपल्यापुरतंच आहे. बिशप यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतली कृष्णवर्णीय मुलं होती. पण आपल्या मुलांनाही हे तंतोतंत लागू पडतं.

मराठी बालसाहित्य समृद्ध आहे. ना. धों. ताम्हणकरांचा ‘गोट्या’, साने गुरुजींची ‘श्यामची आई’, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ ही पुस्तकं आपल्या मुलांनीही वाचावीत, आणि वाचणारी मुलं ती आवडीने वाचतात. पण सलमा, अय्यूब, शबाना अशी नावं या गोष्टींत फार क्वचित भेटतात. मग मुस्लिम माणूस मुलाला भेटतो तो बहुतेक वेळा इतिहासाच्या धड्यात, तलवार घेऊन. शाळेला जाणारा, सायकलवरून पडणारा, बहिणीशी भांडणारा मुस्लिम मुलगा त्याला पुस्तकात दिसत नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या समाजाच्या मित्रालाही तो दिसत नाही. नाझिया इरम यांनी ‘मदरिंग अ मुस्लिम’ (२०१८) या इंग्रजी पुस्तकासाठी १२ शहरांतल्या १४५ कुटुंबांशी बोलून शाळेत मुस्लिम मुलांना ऐकाव्या लागणाऱ्या टोमण्यांची नोंद केली आहे. ते पुस्तक पालकांसाठी आहे आणि जरूर वाचावं. टोमणा मारणारं मूलही मूलच असतं. त्याच्याही घरी खिडकी नसते.

म्हणून खालची यादी करताना आम्ही दोन्हींचा विचार केला आहे.

तीन ते सात वर्षं : चित्रांची पुस्तकं

या वयात मूल वाचत नाही, ऐकतं आणि चित्रं पाहतं. म्हणून अम्मी, अब्बू, दादी, मोठी आपा, कोणीतरी वाचून दाखवायला हवं.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं इथे सगळ्यात आधी घ्यावीत. ‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांच्या संचात राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. वाक्यं छोटी, चित्रं बोलकी. त्यांच्याच ‘यश’ मालिकेत लहान मुलाच्या रोजच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. त्यात उपदेश कुठेच नाही, म्हणून मुलांना ती आपली वाटतात. पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार मिळाला आहे.

आरसा हवा असेल तर चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचं ‘इस्मत की ईद’ पाहा. लेखिका फौजिया गिलानी-विल्यम्स. इस्मत हा चपला बनवणारा माणूस. ईदसाठी तो घरच्या सगळ्यांना तोहफे घेतो आणि स्वतःला घेतलेली पँट लांब निघते. आधी कोणालाच ती आखूड करायला वेळ नसतो. मग प्रत्येक जण दुसऱ्याला न सांगता प्रेमाने थोडी थोडी कापतो. पुढे काय होतं, हे मुलांना सांगावं लागत नाही, ती आधीच हसू लागतात. या गोष्टीत ईद आहे, पण ती ईदची माहिती देणारी गोष्ट नाही. घरातल्या गमतीची आहे, आणि तीच तिची खुबी आहे.

तूलिकाचंच ‘मुकंद अँड रियाज’ थोड्या मोठ्या मुलांना द्यावं. नीना सबनानी यांनी आपल्या वडिलांच्या आठवणींवरून ही कराचीतल्या दोन दोस्तांची गोष्ट केली आहे. फाळणीत त्यांची ताटातूट होते. कापडाचे तुकडे जोडून केलेली चित्रं मुलं बोटाने चाचपून पाहतात. तूलिका मराठीतही पुस्तकं काढते. त्यांची मराठी यादी मागवून पाहायला हरकत नाही.

आठ ते अकरा : स्वतः वाचायचं वय

या वयात मुलाला गोष्टीत वेग हवा असतो, काहीतरी घडायला हवं असतं. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आणि ‘फास्टर फेणे’ कधीच जुने होत नाहीत.

नव्या पुस्तकांत आम्ही आवर्जून नाव घेऊ ते सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ या कादंबरीचं. २०१९ चा साहित्य अकादमी बाल साहित्य पुरस्कार या मराठी पुस्तकाला मिळाला. आपल्या मुलांना हे पुस्तक देताना मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव बोट ठेवून दाखवा. मराठीत लिहिणारा, देशपातळीवर गौरवला गेलेला लेखक आपल्यातला असू शकतो, हे मुलाला कळणं हाही एक आरसाच आहे.

संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२ चा हाच पुरस्कार मिळाला. एका मुलीने वहीत लिहिलेल्या रोजच्या नोंदी असं त्याचं रूप आहे. हे पुस्तक देताना सोबत एक कोरी वही द्या. दहापैकी दोन मुलं तरी लिहायला बसतात, असा आमचा अनुभव आहे. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ चा पुरस्कार आहे. ज्याला भुताच्या आणि साहसाच्या गोष्टी आवडतात त्याला नावावरूनच ते हातात घ्यावंसं वाटेल.

उर्दू वाचणाऱ्या मुलांसाठी दोन जुनी नावं सोडून चालणार नाही. प्रेमचंदांची ‘ईदगाह’, ज्यात तीन पैसे घेऊन मेळ्याला गेलेला हमीद खेळणं न घेता दादीचे हात भाजू नयेत म्हणून चिमटा घेतो. आणि डॉ. झाकीर हुसैन यांची ‘अब्बू खाँ की बकरी’. पुढे देशाचे राष्ट्रपती झालेल्या या माणसाने मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, हे आपल्या कितीतरी मुलांना ठाऊकच नाही. त्यातली चाँदनी नावाची बकरी आझादीसाठी पहाडावर जाते आणि रात्रभर लांडग्याशी लढते. शेवटी जिंकलं कोण, यावर वर्गात अर्धा तास वाद घालता येतो. असा वाद घालायला लावणारी गोष्ट म्हणजेच चांगली गोष्ट.

आपल्या महाराष्ट्रातही उर्दू बालसाहित्य लिहिलं जातं. अचलपूरचे शायर मतीन अचलपुरी यांच्या ‘ममता की डोर’ या कवितासंग्रहाला २०२३ चा साहित्य अकादमीचा उर्दूसाठीचा बाल साहित्य पुरस्कार मिळाला. नागपूरचे वकील नजीब यांनी उर्दूत मुलांसाठी कादंबऱ्या लिहिल्या आहेत. मुंबईहून निघणारं ‘गुल बूटे’ आणि दिल्लीच्या कौमी काउन्सिलचं ‘बच्चों की दुनिया’ ही उर्दू मासिकंही घरी यायला हवीत.

बारा ते सोळा : सगळ्यात जास्त हातातून निसटणारं वय

या वयात पोरं मोबाइलकडे जातात आणि आपण त्यांना पुस्तकच देत नाही. दिलंच तर ‘यशाचे दहा मंत्र’ छापाचं. त्यांना खरी माणसं हवी असतात, खरे प्रश्न हवे असतात.

पहिलं पुस्तक ‘अग्निपंख’. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या आत्मकथनाचा माधुरी शानभाग यांनी केलेला मराठी अनुवाद. कलामसाहेबांचं नाव आपण भाषणांत खूप घेतो, पण पुस्तक किती जणांनी वाचलंय? त्यात रामेश्वरमच्या शाळेतला एक प्रसंग आहे. पुजाऱ्याच्या मुलाशेजारी टोपी घातलेला मुस्लिम मुलगा बसलेला नव्या शिक्षकांना सहन होत नाही आणि ते कलामांना मागच्या बाकावर पाठवतात. पुढे त्या मित्राचे वडील, मंदिराचे मुख्य पुजारी लक्ष्मण शास्त्री, शिक्षकांना बोलावून खडे बोल सुनावतात. शिक्षक बदलतात. हा प्रसंग वाचून मुलाला दोन गोष्टी कळतात. असं घडतं, आणि त्याविरुद्ध उभं राहणारी माणसंही असतात. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी नुसता हार घालण्यापेक्षा वर्गात हे पान वाचून दाखवावं.

ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’ (२०१७ चा पुरस्कार) ही धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची कहाणी. घर सुटण्याचं दुःख काय असतं, ते ही छोटी कादंबरी आवाज न चढवता सांगते. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलं आहे, अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा. शाळेतून काढून टाकलेल्या मुलीला रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा आणि तिचं म्हणणं तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक मिळतात. मुलांच्या आधी हे पुस्तक वालिदैन आणि आम्ही शिक्षकांनी वाचावं.

मुलींसाठी, आणि मुलांसाठीही, बेगम रुकैया यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही १९०५ मधली इंग्रजी कथा आहे. या कथेतल्या मुलखात कारभार बायका चालवतात, सूर्याची उष्णता कामाला लावतात आणि पुरुष मर्दान्यात बसतात. १२० वर्षांपूर्वी एका बंगाली मुस्लिम बाईने विज्ञानकथा लिहिली होती आणि १९११ मध्ये तिने कोलकात्यात मुलींची शाळा सुरू केली, हे सांगितलं की आठवी-नववीच्या मुली कान टवकारतात.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हेना खान यांचं ‘अमीनाज व्हॉइस’ (२०१७) किंवा वीरा हिरानंदानी यांचं ‘द नाइट डायरी’ (२०१८) द्यावं. दुसऱ्या पुस्तकातल्या बारा वर्षांच्या निशाचे वडील हिंदू आणि वारलेली आई मुस्लिम. फाळणीच्या दिवसांत ती डायरीतून आईला पत्रं लिहिते. आपण कोणत्या बाजूचे, हा तिचा प्रश्न आजच्या मुलांनाही आपला वाटेल.

आणि ज्याला फक्त थरार हवा, त्याला इब्ने सफी द्या. १९५२ मध्ये अलाहाबादेतून सुरू झालेल्या ‘जासूसी दुनिया’ने मागच्या कितीतरी घरांना उर्दू वाचायची चटक लावली. चटक लागणं महत्त्वाचं. पुढची पुस्तकं मूल स्वतः शोधतं.

उर्दू माध्यमातलं मूल मराठी कसं वाचेल?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. उर्दू शाळेतला सातवीचा मुलगा मराठी बोलतो, बाजारात व्यवहार करतो, पण मराठी पुस्तक हातात दिलं की अडखळतो. मग आपण त्याला पहिलीतल्या मुलाचं पुस्तक देतो, आणि त्याला ते अपमानास्पद वाटतं. भाषा लहान असली तरी त्याचं वय मोठं आहे, हे आपण विसरतो.

यावर तीन उपाय आहेत. एक, चित्रकथा आणि छोटे लेख द्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. कथा, कोडी, विज्ञान, चित्रं असं सगळं त्यात असतं, हवं ते पान उघडून वाचता येतं. दोन, एकच गोष्ट दोन भाषांत वाचा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर अनेक गोष्टी मराठीतही आहेत आणि उर्दूतही. आधी उर्दूत वाचली की मराठीत अर्थ अडत नाही, फक्त शब्द नवे असतात. तीन, हिंदी पुस्तकांचा पूल वापरा. आपल्या घरात बोलली जाणारी भाषा हिंदीच्या जवळची आहे आणि देवनागरी लिपी मुलाला मराठीमुळे येते. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ मासिक अशा मुलांना सहज वाचता येतं.

उलट बाजूनेही हेच करावं. मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांना उर्दू ऐकू येते, पण वाचता येत नाही. त्यांना आठवड्यातून एक उर्दू गोष्ट वाचून दाखवा. दादी-नानी घरात असतील तर हे काम त्यांच्यावर सोपवा, त्याही खूश होतील.

"यात गणपती आहे, द्यायचं का?"

काही पालक संकोचाने हा प्रश्न विचारतात, म्हणून स्पष्ट बोलायला हवं. मराठी गोष्टीत दिवाळी येणार, आजीची पूजा येणार. शेजाऱ्याच्या घरात काय चालतं हे वाचणं म्हणजे ते आचरणात आणणं नव्हे. आपण ज्या गावात राहतो तिथली माणसं समजून घेणं, हा शेजारधर्माचाच भाग आहे आणि शेजाऱ्याच्या हकांवर आपल्या दीनने किती भर दिला आहे, हे सांगायला नको. मुलाने प्रश्न विचारला तर शांतपणे सांगा : ते असं करतात, आपण असं करतो. दीनी तालीमसाठी वेगळी पुस्तकं आहेत, इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टसारख्या संस्था ती मराठीत काढतात. एका पुस्तकावर दुसऱ्याचं काम लादू नये.

एखाद्या पुस्तकात मुस्लिमांचं चित्रण वाईट केलेलं असेल तर ते लपवून ठेवण्यापेक्षा मुलासोबत बसून वाचावं आणि विचारावं, "हे लिहिणाऱ्याला आपलं घर माहीत असेल का?" मोठेपणी त्याला असं बरंच काही वाचावं लागणार आहे. प्रश्न विचारायची सवय घरातच लागली तर बरी.

पैसे आणि जागा

पुस्तकं महाग आहेत, ही तक्रार खरी आहे. पण नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तकं आजही स्वस्त आहेत. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत, ‘स्टोरीवीव्हर’ मोफत आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, इंग्रजीतली असंख्य पुस्तकं विनामूल्य उतरवून घेता येतात. मोबाइल मुलाच्या हातात आहेच, तर त्यावर हेही असू दे.

मोठं काम मात्र एकट्या घराने होत नाही, मोहल्ल्याने होतं. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०२१ मध्ये एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने आणि रीड अँड लीड फाउंडेशनच्या मदतीने मोहल्ला लायब्ररी सुरू झाली. बघता बघता अशा तीसहून अधिक लायब्ररी उभ्या राहिल्या. त्यासाठी इमारत लागली नाही. एक खोली, एक कपाट आणि वेळ देणारं कोणीतरी एवढ्यावर काम होतं. आपल्या मकतबच्या कोपऱ्यात, जमातखान्यात, एखाद्या रिकाम्या दुकानात असं कपाट ठेवता येणार नाही का? लग्नात लाखाचा मंडप घालणाऱ्या आपल्या समाजाला पन्नास पुस्तकं जड नाहीत.

सुरुवात मात्र घरातूनच व्हावी. येत्या ईदला मुलांच्या हातात ईदीचं पाकीट देताना सोबत एक पुस्तक द्या. पहिल्या पानावर मुलाचं नाव आणि तारीख लिहा, म्हणजे ते त्याच्या मालकीचं होईल. ‘वाच, परीक्षा घेईन’ असं म्हणू नका. नाही आवडलं तर अर्धवट सोडायची मुभा द्या आणि दुसरं आणा. आणि रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं घरातले सगळे मोबाइल एका टोपलीत ठेवा, आपलेसुद्धा. अब्बूंच्या हातात पुस्तक नसेल तर मुलाच्या हातात ते फार दिवस टिकत नाही.